खान्देशातली परसबाग: पोळ्यापासून होळीपर्यंत पिकवायची, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जगवायची

मे महिन्यात दुपारी तीन वाजता गच्चीवर जा आणि काळ्या ग्रो बॅगच्या पश्चिमेकडच्या कडेला मातीत बोट खुपसून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत जायच्या आत ते चटका लागून बाहेर काढावं लागेल. जळगावात बाग करायला लागले त्या पहिल्या वर्षी मी सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होते, तरी चौदा रोपं गेली. पानं दुपारी माना टाकायची, मी आणखी पाणी ओतायची. शेवटी एक वांग्याचं रोप उपटलं, तर मुळांची साल बोटांत निघून आली, उकडलेल्या शेंगेची निघावी तशी. रोप पाण्यावाचून मेलं नव्हतं. त्याची मुळं शिजली होती.

बागेबद्दल जे काही वाचायला-ऐकायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेला धरून असतं. तिथला महिना आणि आपला महिना एक नाही. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत कितीतरी रात्री १० च्या खाली उतरतो. पाऊस साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, धुळ्याकडे त्याहून कमी, नवापूर-अक्कलकुव्याकडे मात्र भाताला पुरेल इतका. म्हणून इथली बाग इथल्या सणांवर बसवावी लागते. पोळ्यापासून होळीपर्यंत भाजीपाला भरपूर घ्यायचा, आणि होळी ते मृग या काळात वाढीची अपेक्षा सोडून फक्त मुळं जगवायची. हे एकदा मनाशी पक्कं केलं, की निम्मी निराशा टळते.

आधी पाणी मोजा, मग कुंड्या आणा

आपल्याकडच्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येतं. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. बागेसाठी दोन पाण्यांच्या मध्ये किती लिटर साठवता येईल ते आधी ठरवा, झाडांची संख्या त्यावरून येईल. माझं मोजमाप असं आहे: १२ इंची कुंडीला हिवाळ्यात रोज एक लिटर, मे महिन्यात दोन. १८ इंची पिशवीत भरात आलेलं वांगं असेल तर हिवाळ्यात दोन लिटर आणि उन्हाळ्यात चार-पाच. दोनशे लिटरचा एक ड्रम चार दिवस पुरवायचा असेल तर रोजचे पन्नास लिटर होतात. एवढ्या पाण्यावर उन्हाळ्यात दहा-बारा मोठी झाडं जगतात, चाळीस नाही. हौसेनं चाळीस आणली तर मे महिन्यात त्यातली कुठली मरू द्यायची हे ठरवत बसावं लागतं. तो अनुभव फार वाईट असतो.

बोअरचं पाणी आपल्याकडे बहुधा क्षारयुक्त असतं. कुंडीच्या कडेवर आणि मातीच्या वर पांढरा थर दिसला की समजायचं. नुसतं बोअरचं पाणी वर्षभर दिलं तर पानांच्या कडा करपतात. उपाय दोन आहेत. पावसाळ्यात पत्र्याचं किंवा गच्चीचं पाणी पिंपात धरून रोपवाटिकेला तेच वापरायचं. आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस कुंड्यांवर सरळ पडू द्यायचे, खालची भोकं मोकळी ठेवून, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. घरातल्या आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी कुंड्यांना देऊ नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल द्या. एसीचं पाणीही चालतं.

ठिबकची माहिती जळगावकरांना मी सांगायला नको, पण घरच्या ठिबकात एक चूक सर्रास होते. ड्रिपरवर ताशी ४ लिटर असं लिहिलेलं असतं. ते शेतातल्या पंपाच्या दाबाला. तीन फूट उंच स्टँडवर ठेवलेल्या ड्रमला तेवढा दाब नसतो, त्यामुळे ड्रिपर बराच कमी चालतो. म्हणून बसवल्या दिवशी ड्रमजवळच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक डबा ठेवा, अर्धा तास चालवा आणि पाणी मापून घ्या. त्यावरून किती वेळ सोडायचं ते ठरवा. ड्रमच्या तोटीनंतर जाळीचा फिल्टर हवाच. क्षारानं ड्रिपर तुंबले तर काढून रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात टाकावेत, सकाळी जोरात फुंकर मारून बसवावेत.

आमची जिजी, म्हणजे माझ्या आईची आई, यावलकडच्या मळ्यात वाढलेली. कुणी वरून झारीनं पानांवर पाणी मारायला लागलं की ती म्हणायची, “पानी मुयले दे, पानले नको,” म्हणजे पाणी मुळाला दे, पानाला नको. संध्याकाळी पानं ओली राहिली की भुरी-करप्याला आमंत्रण मिळतं आणि भर उन्हात शिंपडलेलं पाणी बोअरचं असलं तर पानांवर क्षाराचे डाग पडतात. तिचं एवढं ऐकलं असतं तर माझी पहिल्या वर्षीची काकडी वाचली असती.

काळ्या मातीशी जमवून घ्यायचं

आपली काळी माती कसदार आहे, कापसाला आणि केळीला सोन्यासारखी. पण कुंडीत भरली की तिचा स्वभाव अडचणीचा ठरतो. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग आपण ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तळातून पाणी आलं म्हणून आपण खूश होतो, आणि मधला मातीचा गोळा ठणठणीत कोरडाच असतो. अशी कुंडी पाण्यानं भरलेल्या टबमध्ये बुडवून ठेवावी, बुडबुडे यायचे थांबले की काढावी. हा तात्पुरता इलाज झाला. खरा इलाज भरतानाच करायचा.

माझं प्रमाण घमेल्यांत सांगते: दोन घमेली पोयट्याची किंवा गाळाची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट किंवा भाताचं तूस, एक घमेलं विटांचा चुरा. वर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. नंदुरबार-नवापूरकडच्यांना तूस सहज मिळतं. वापरून बघा, कोकोपीटपेक्षा स्वस्त पडतं आणि माती मोकळी ठेवतं. गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा विचार आधी करा. १८ इंची पिशवी भिजली की पन्नास-साठ किलोच्या घरात जाते, म्हणून ती खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेत, भिंतीलगत ठेवावी. गच्चीच्या मधोमध ओळ लावू नये.

शेणखताबद्दल थोडं सावध राहायला हवं. अर्धकच्चं शेण घातलं की त्यातून हुमणीची अळी येते आणि वाळवीही लागते. मुठीत घेतल्यावर वास नसेल, चहाच्या पत्तीसारखं सुटसुटीत असेल, हात लावल्यावर गरम लागत नसेल, तरच ते कुजलेलं समजायचं. नाहीतर पिंपात भरून, ओलसर ठेवून आणखी दोन-तीन महिने थांबा.

जमिनीवर बाग असेल तर पावसाळ्यासाठी गादीवाफाच हवा. तीन-साडेतीन फूट रुंद, सहा ते आठ इंच उंच, लांबी जागेप्रमाणे. सपाट काळ्या वाफ्यात आठवडाभराची झड लागली की मिरची हमखास मर खाते. आणि माती ओली असताना कुदळ लावू नका. वापसा येऊ द्या. वापसा ओळखायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर खणा, चिकट गोळाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या मातीची ढेकळं वाळल्यावर हातोड्यानंही फुटत नाहीत.

आपल्या मातीत चुना जास्त, तिचा पीएच बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान. याचा फटका जास्वंद, गुलाब, मोगरा आणि लिंबाला बसतो. कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात, जणू हिरव्या दोऱ्यानं जाळी विणली आहे. लोक याला पाण्याचा दोष समजतात किंवा युरिया टाकतात. हा लोहाचा अभाव आहे. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारावं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. आधी पिवळी झालेली जुनी पानं फारशी सुधारत नाहीत, नवी पालवी कशी येते ते बघायचं. सोबत शेणखताचा हात सढळ ठेवला की हळूहळू माती निवते. मोठी परसबाग करणार असाल तर एकदा मातीपरीक्षण करून घ्याच. पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबार इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, त्यांच्याकडे माती तपासण्याबद्दल विचारता येतं. नमुना वरवरचा घेऊ नका. इंग्रजी व्हीसारखा खड्डा करून एक वीतभर खोलीपर्यंतची कड खरवडून घ्या, चार-पाच ठिकाणची माती एकत्र करा.

मृगापासून सुरुवात

वळवाच्या पहिल्या सरीला भुलून बी टाकू नका. जमीन वीतभर ओली झाली की मगच. वेलवर्गाची वेळ साधायची तर कानबाई, हा आमच्याकडचा देवीचा सण, डोळ्यांसमोर ठेवते मी. श्रावणात कानबाईच्या रोटाबरोबर आमच्याकडे गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि गिलक्यांची (घोसाळ्यांची) भजी लागतातच, आणि ती दारच्या वेलाची असली तर त्या दिवसाचा आनंद वेगळा. गिलक्याला बी टोकल्यापासून पहिलं फळ यायला दीड-पावणेदोन महिने लागतात. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बी मातीत हवं. गंगाफळाला जास्त दिवस लागतात, ते पहिल्या वर्षी बाजारातूनच आणावं लागतं, पण दिवाळीपर्यंत वेल आपलं देणं देतो.

गिलके, दोडके, कारली यांचं बी रात्रभर भिजवून एका जागी दोन टोकायचं, दोन पानं आली की दणकट ठेवून दुसरं कापून टाकायचं. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. मांडव बी टोकायच्या आधी तयार असावा. वेल हातभर झाल्यावर मांडवाची शोधाशोध सुरू केली की तो जमिनीवर पसरतो आणि मग उचलताना मोडतो.

गंगाफळाला फुलं येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार सगळ्यांची. सुरुवातीची फुलं नराचीच असतात, तेव्हा धीर धरायचा. मादी फुलाच्या मागे बोराएवढं छोटं फळ दिसतं. मधमाश्या कमी असतील तर सकाळी आठच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्यातला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दुपारपर्यंत ही फुलं मिटतात, मग उपयोग नाही. फळमाशीनं डंख मारलेलं गिलकं वाकडं होतं, आतून सडतं. अशी फळं झाडाखाली पडू न देता गोळा करून बंद पिशवीत उन्हात ठेवून मारावीत. क्यू ल्युरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या वासाचा, एक सापळा मांडवाशेजारी टांगावा. छोट्या फळांना वर्तमानपत्राची सैलसर पुडी बांधली तरी फरक पडतो.

याच दिवसांत भेंडी, गवार, चवळी थेट पेरावी. पोकळा तर कुठेही येतो. शेवग्याचं रोप लावायचं तर याच वेळी, पण भिंतीला आणि विजेच्या तारेला लागून नको, त्याचं लाकूड ठिसूळ असतं. तीन फुटांवर शेंडा खुडला तर बाजूनं फांद्या फुटतात आणि शेंगा शिडीशिवाय हाताला येतात. पीकेएम १ हा वाण घरासाठी चांगला.

भरताची वांगी

आता ज्याच्यासाठी मी बाग करते ते पीक. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद-आसोद्याकडचं फिक्या हिरव्या रंगाचं, पांढुरक्या रेषांचं, लांबट, कमी बियांचं हे वांगं. ते पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, आरावर भाजून हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलं आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी खाल्लं, की परगावी राहणाऱ्या खान्देशी माणसाला घराची आठवण येते. हे वांगं घरच्या पिशवीत उत्तम येतं, फक्त त्याला वेळ आणि लक्ष द्यावं लागतं.

बी जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टाका. ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत, अर्धा सेंटिमीटर खोल, ओळीत. दाट टाकलं आणि रोज चिंब भिजवलं तर रोपं देठाशी काळी पडून कोलमडतात. मातीत चमचाभर ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला आणि वरची माती किंचित कोरडी झाल्यावरच पाणी दिलं तर हे टळतं. पाच-सहा आठवड्यांत पाच-सहा पानं आली की संध्याकाळी लावणी करा. जमिनीत दोन रोपांत तीन फूट हवेत, पिशवी असेल तर १८ इंची आणि तिच्यात एकच रोप. लावतानाच शेजारी बांबूची काठी रोवून ठेवा. पाव-अर्ध्या किलोची फळं लागली की फांदी ओझ्यानं वाकते आणि त्या वेळी काठी रोवली तर मुळं तुटतात.

लावणीनंतर महिन्याभरात एक गोष्ट दिसायला लागेल. सकाळी सगळं झाड टवटवीत आणि एकच शेंडा मान टाकून लोंबलेला. पाणी कमी पडलं असं समजू नका. तो शेंडा कोमेजलेल्या भागाच्या बोटभर खालून नखानं कापा आणि उभा चिरा. आत पोकळ नळी, त्यात ओलसर भुसा आणि त्या भुश्यात फिकट गुलाबी अळी वळवळताना दिसेल. हीच शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. आज ती शेंड्यात आहे, तिची पुढची पिढी वांग्यात जाईल. असे शेंडे दर चार-पाच दिवसांनी कापून घराबाहेर नेऊन जाळायचे. खाली टाकलेल्या शेंड्यातून अळी निघून मातीत-पाल्यात कोष करते आणि पतंग होऊन परत येते, म्हणून कंपोस्टमध्येही टाकू नका. दहा-बारा झाडांच्या बागेत एवढी शिस्त पाळली आणि नर पतंगांना मादीच्या वासानं ओढणारा एक कामगंध सापळा लावला, तर औषध मारायची वेळ सहसा येत नाही. मी तीन हंगामांत एकदाही मारलेलं नाही.

फळ काढायची वेळ सालीवरून कळते. साल चकाकते तोवर वांगं कोवळं. चकाकी गेली, रंग मळकट पिवळसर झाला, की बी जून झालं. भरताला ते चव देत नाही. देठ ओढू नका, कात्रीनं कापा. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत चार झाडं चार माणसांच्या घराला दर आठवड्याला एक भरीत सहज देतात. थंडी जसजशी वाढते तसतशी चव चढत जाते. संक्रांतीच्या आसपासचं वांगं सगळ्यांत गोड.

कापसाच्या शेजारी बाग

हा मुद्दा दुसरीकडच्या लेखांत सापडणार नाही, कारण तो आपलाच आहे. आपल्या गावांभोवती मैलोन्‌मैल कापूस असतो. जास्वंद आणि भेंडी ही कापसाच्याच कुळातली. त्यामुळे पांढरी माशी, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांना आपली बाग म्हणजे घरचंच ताट. डिसेंबर-जानेवारीत वेचण्या संपून पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, की तिथले किडे हिरवं शोधत गावात येतात. जास्वंदीच्या कळ्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते याच सुमाराला.

म्हणून डिसेंबरपासून रोज सकाळी जास्वंदीची पानं उलटून बघायची सवय लावा. पिठ्या ढेकूण थोडे असतील तेव्हाच जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. त्यांच्याबरोबर मुंग्या चढत असतील तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, कारण चिकट गोड रसासाठी त्याच ढेकणांना सांभाळतात आणि इकडून तिकडे नेतात. फार पसरला असेल तर ती फांदी कापून टाका, कीव करू नका. आणि मांडवासाठी किंवा चुलीसाठी आणलेल्या पऱ्हाट्या बागेला खेटून रचून ठेवू नका. त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळीही दडलेली असते, ती शेजाऱ्यांच्या शेताला त्रास देते.

फवारणीसाठी निंबोळी अर्कासारखं सोपं काही नाही. जून-जुलैत कडुलिंबाच्या झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा.

मिरचीची पानं वळली की सगळेच “बोकड्या” म्हणतात, पण नीट बघितलं तर दोन तऱ्हा दिसतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान लांबुळकं आणि कडक झालं तर कोळी. फुलकिड्यांना निंबोळी अर्क आणि निळे चिकट सापळे, कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण गंधक पारा ३५ च्या वर असताना मारलं तर पानं भाजतात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणाऱ्या लाल मिरचीचं स्वप्न गच्चीवर बघू नका. घराला हिरव्या मिरचीची तीन-चार झाडं पुरे होतात.

केळ आणि मोरीचं पाणी

जमीन असेल तर मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे कर्दळीची दाट ओळ आणि तिच्यापुढे दोन केळी लावा. साबणाचं पाणी कर्दळ मुकाट पिते आणि लाल-पिवळी फुलंही देते. पालेभाजीला मात्र हे पाणी अजिबात नको. केळीला बाजूनं पिल्लं फुटतात, त्यातलं घड निसवल्यानंतर एकच ठेवायचं, बाकी जमिनीलगत कापत राहायचं. सगळी ठेवली तर घड लहान होतो.

केळीच्या आसपास काकडी, गिलके, गंगाफळ नको. रावेर-यावल पट्ट्यातल्या बागांना छळणारा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, काकडीवर्गात राहतो आणि मावा तो केळीवर आणून सोडतो. तुमच्या अंगणातला वेल शेजारच्या बागाईतदाराच्या केळीलाही धोका ठरू शकतो. पानांवर पिवळे पट्टे उमटले आणि पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडायला लागला तर ते झाड वाचवायच्या फंदात न पडता मुळासकट काढून नष्ट करा.

घड उतरवल्यावर निरोगी खांब फेकू नका. विळ्यानं त्याच्या चकत्या करून कुंड्यांच्या आणि वाफ्यांच्या मातीवर पसरा. महिनाभर ओल धरतात आणि कुजल्या की पालाश देतात.

पोळा ते संक्रांत

खरा हंगाम हा. पोळ्याला टोमॅटो, फुलकोबी, पत्ताकोबीचं बी टाका. टोमॅटोची लावणी सप्टेंबरच्या शेवटी झाली की फेब्रुवारीपर्यंत मनसोक्त फळं मिळतात. मार्चनंतर ऊन ३५ च्या पुढे गेलं की फुलं गळायला लागतात, तेव्हा कितीही खत दिलं तरी उपयोग नाही. दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा, गाजर, लसूण. धणे पेरण्याआधी चपलेनं हलके रगडून त्यांची दोन दलं करा आणि रात्रभर भिजवा. अख्खे धणे उगवायला उशीर लावतात. पालेभाज्या एकाच दिवशी पेरू नका, दर दहा दिवसांनी हातभर पट्टा पेरला की ताटात सतत कोवळी भाजी येते. कडाक्याच्या रात्री येणार असतील तर संध्याकाळी पाणी द्या, ओली माती ऊब धरते.

झेंडूचा हिशेब दसऱ्यापासून मागे करायचा. बी ते रोप चार आठवडे, लावणी ते फूल आठ. म्हणजे दसऱ्याच्या बारा आठवडे आधी बी टाकायचं. दसरा दरवर्षी मागेपुढे होतो, म्हणून महिना पाठ करण्यापेक्षा कॅलेंडरवर आठवडे मोजा. लावणीनंतर तीन आठवड्यांनी शेंडा खुडला की झाड पसरतं आणि फुलं दुप्पट लागतात. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावला तर बोंडअळीचा पतंग अंडी घालायला त्याच्याकडे वळतो आणि मुळांवरच्या सूत्रकृमींनाही आळा बसतो.

मोगरा हे खान्देशच्या उन्हाचं झाड. डिसेंबरच्या शेवटी त्याचं पाणी पंधरा दिवस तोडा, मग निम्म्याहून जास्त छाटा, जुनी पानं काढा, मुळांभोवतीची माती उकरून ओंजळभर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी सोडा. होळीच्या सुमारास कळ्या लागतात आणि सगळं अंगण होरपळत असताना हा संध्याकाळी उमलतो. छाटायला जीव कचरतो, पण न छाटलेल्या मोगऱ्याला नुसती पानं येतात.

उन्हाला न डगमगणारी इतर झाडं म्हणजे बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब, मधुमालती, अडेनियम. कण्हेर आणि अडेनियम दोन्ही विषारी, लहान मुलं किंवा गुरं-शेळ्या पोहोचतील अशा जागी ठेवू नका. गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये करावी.

उन्हाळी भेंडी, गवार, काकडी घ्यायची असेल तर संक्रांत झाल्यावर लगेच पेरा. मार्चमध्ये पेरलेली काकडी फळावर येईतो वैशाख तिला गाठतो.

होळी ते आखाजी

होळीच्या आठवड्यात ५० टक्क्यांची शेडनेट चढवा. सात-आठ फूट उंच, पूर्वेकडून उघडी म्हणजे सकाळचं ऊन मिळेल, पश्चिमेकडून थेट जमिनीपर्यंत सोडलेली. दुपारनंतरचं तिरपं ऊन आणि गरम वारं दोन्ही तिथूनच येतं. नेट झाडांना टेकू देऊ नका.

पिशव्या एकमेकींना खेटून ठेवा, मोठ्या पश्चिमेला, लहान त्यांच्या आड. पश्चिमेच्या ओळीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, दुपारी ते भिजवा. पिशव्यांखाली विटा किंवा लाकडी फळ्या घाला, म्हणजे स्लॅबचा तापलेला तळ थेट मुळांना लागणार नाही. मातीवर दोन-तीन इंच आच्छादन हवंच: उसाची पाचट, गव्हाचं काड, शेंगदाण्याची टरफलं, केळीची वाळकी पानं, जे मिळेल ते. खोडापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड सडतं किंवा वाळवी चढते. आच्छादनाखाली दुपारी बोट घालून बघा. मला पहिल्या वर्षी चटका देणारी तीच पिशवी आता हाताला गार लागते.

पाणी पहाटे द्या, संध्याकाळी पुन्हा थोडं. दुपारी पान मलूल दिसलं तर आधी मातीत बोट घाला. माती ओली असेल तर पाणी देऊ नका, ऊन उतरलं की ते पान आपोआप उठतं. या काळात रासायनिक खत नको, छाटणी नको, कुंडी बदलणं नको. वांग्याची थकलेली झाडं फेब्रुवारीअखेर काढून टाका. ती मेपर्यंत ओढण्यात पाणी घालवू नका.

काढण्याआधी मात्र सगळ्यांत निरोगी झाडावरचं एक सुरेख वांगं जानेवारीपासूनच न तोडता राखून ठेवलेलं असावं. ते पिवळं, मऊ झालं की कापून बी पाण्यात चोळा. तरंगणारं टाकून द्या, तळाला बसलेलं धुऊन सावलीत आठवडाभर वाळवा. काचेच्या कोरड्या बाटलीत चाळलेल्या राखेबरोबर भरा, झाकण घट्ट लावा, वाण आणि महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाच्या खोलीत पण ओलीपासून दूर, ठेवून द्या. जूनच्या मध्यावर ती बाटली उघडायची.